उत्तर ठाऊक नसलेला सूत्रसंचालक

टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत सूत्रसंचालक हा सगळ्यात कमी महत्त्वाचा माणूस, असं माझं वर्षानुवर्षं ठाम मत होतं. प्रश्न चांगला असला की झालं. तो कोण विचारतंय याला काय महत्त्व? या मताला जोडून दुसरंही एक मत होतं. आपल्याकडे खरी क्विझ एकदाच झाली, १९८५ मध्ये दूरदर्शनवर, सिद्धार्थ बसूंची ‘क्विझ टाइम’. पुढे २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ (केबीसी) आलं आणि ज्ञानाचा बाजार मांडला गेला. ही दोन्ही मतं मी शिक्षकांच्या खोलीत, घरी, लग्नकार्यात, जिथे विषय निघेल तिथे हिरिरीने मांडली आहेत. ती ऐकणारे पुष्कळ जण आजही भेटतात आणि मी अजून तशीच बोलेन असं धरून चालतात. आता ती मतं माझी राहिलेली नाहीत. ती का बदलली, हे एकदा नीट लिहून काढावं असं फार दिवस मनात होतं.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास-भूगोल शिकवत असे. १९८४-८५च्या सुमारास ठिकठिकाणी लघुप्रक्षेपण केंद्रं उभी राहिली आणि दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम आमच्यासारख्या तालुक्याच्या गावीही दिसू लागला. ‘हम लोग’ला शेजारपाजार मिळून खोली भरायची. ‘क्विझ टाइम’ लागलं की एकेक जण उठायचा, कारण सगळं इंग्रजीत. मी मात्र वही-पेन घेऊन बसायची. महाविद्यालयांचे संघ, गुणफलक, आणि समोर बसू. भरभर बोलायचे, तरी प्रत्येक शब्द सुटा ऐकू यायचा. अर्धे प्रश्न मला कळत नसत. कळलेल्यांपैकी निम्म्यांची उत्तरं येत नसत. पण जगात किती गोष्टी जाणून घेण्यासारख्या आहेत याची अशी उघड, आनंदाने केलेली मांडणी मी त्याआधी पाहिली नव्हती. मराठी माध्यमात शिकून मराठी माध्यमातच शिकवणाऱ्या बाईला त्या अर्ध्या तासात काय मिळत होतं, हे आज घरबसल्या काहीही शोधता येणाऱ्या पिढीला सांगणं अवघड आहे.

त्यातूनच आमच्या शाळेत प्रश्नमंजूषा सुरू झाली. कृष्णा, कोयना, वेण्णा, उरमोडी असे चार संघ. विज्ञानाच्या सरांनी बेलची बटणं आणि रंगीत बल्ब जोडून बझर तयार केला. प्रश्न काढण्यावर मी रात्र-रात्र घालवत असे. विचारायचं काम मात्र ज्याला त्या दिवशी मोकळा तास असेल त्याच्याकडे द्यायचे. कागदावर लिहिलेलं मोठ्याने वाचायचं, त्यात काय, ही माझी भावना होती.

एक गोष्ट मला तेव्हाही दिसत होती. तोच प्रश्नसंच एका वर्गात घेतला की मुलं बाकावरून उठून उभी राहायची आणि दुसऱ्या वर्गात तोच संच घेतला की मागच्या रांगा पेंगायच्या. त्याचं कारण मी मुलांत शोधत राहिले. पुढे केंद्रस्तरावर, मग तालुक्याला, मला स्वतःला माइकसमोर उभं राहावं लागलं, तेव्हा कारण हळूहळू हाताला लागत गेलं. चार पर्याय वाचताना आपला आवाज बरोबर पर्यायावर नकळत संथ होतो. हुशार मुलं प्रश्नाकडे बघतच नाहीत, विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतात आणि उत्तर उचलतात. बझरच्या फेरीत खरा दुवा वाक्याच्या सुरुवातीला पडला तर जिंकतो तो बोटाने चपळ असलेला मुलगा. दुवा शेवटी आला तर विचार करणाऱ्याला संधी मिळते. म्हणजे प्रश्नातल्या शब्दांचा क्रम लावणं आणि तो क्रम आवाजाने सांभाळणं, दोन्ही लागतं. प्रश्न पास होऊन तिसऱ्या संघाकडे जातो तेव्हा सभागृहाची उत्सुकता ओसरलेली असते. तोच प्रश्न पुन्हा वाचताना त्यात जीव आणावा लागतो. आणि सगळ्यात कठीण जागा चुकीच्या उत्तराची. मुलाने चारशे मुलांसमोर धीर करून उत्तर दिलेलं असतं. ‘चूक’ एवढा एक शब्द कसा उच्चारला जातो, यावर तो मुलगा पुढच्या वर्षी नाव देणार की नाही हे ठरतं. हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. अशी न परतलेली मुलं मला नावानिशी आठवतात.

हे सगळं कळत असतानाही टीव्हीवरच्या सूत्रसंचालकांबद्दलचं माझं मत जागचं हललं नाही, याचं आज मला आश्चर्य वाटतं. शाळेतला अनुभव एका बाजूला आणि मत दुसऱ्या बाजूला, असं दोन्ही कितीतरी वर्षं शेजारी-शेजारी नांदलं.

३ जुलै २०००. स्टार प्लसवर ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं. त्याच दिवशी ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ही सुरू झालं, आणि माझ्या दृष्टीने दोन्ही एकाच माळेचे मणी होते. पंधरा प्रश्न, हजार रुपयांपासून एक कोटीपर्यंतची शिडी, तीन लाइफलाइन. चार पर्याय समोर मांडले म्हणजे ज्ञानाची परीक्षा संपून अंदाजाची सुरू झाली, हा माझा पहिला आक्षेप. दुसरा आक्षेप थेट अमिताभ बच्चन यांच्यावर. क्विझ घेणारा माणूस वाचणारा, शोधणारा हवा. इथे एक नट पडद्यावर उमटलेलं वाचून दाखवतो, ‘लॉक किया जाए’ म्हणतो आणि मध्ये लांबलचक थांबतो. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईचा हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला. मराठी मुलगा, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. आमच्या शाळेत त्या दिवशी पेढे वाटले गेले. मला त्याचं कौतुक होतं, कार्यक्रमाचं नव्हतं. त्याला ‘क्विझ टाइम’मध्ये बघायला आवडलं असतं, असं मी बोलूनही दाखवलं.

माझ्या मताला पहिला धक्का दिला तो एका साध्या माहितीने. केबीसी तयार करणारी संस्था सिनर्जी, आणि सिनर्जी सिद्धार्थ बसूंची. पत्नी अनिता कौल बसू यांच्यासोबत त्यांनी ती १९८८ मध्ये उभी केली होती. रोज रात्री कार्यक्रमाच्या शेवटी श्रेयनामावली सरकत होती आणि मी तोवर टीव्ही बंद केलेला असायचा. बरं, एखादा माणूस वय वाढल्यावर, पैसा दिसल्यावर बदलतो, असं म्हणून मला ते झटकता आलं असतं. पण तारखा तसं म्हणू देत नव्हत्या. १९९८ ते २००२ या काळात बसू बीबीसी वर्ल्डवर ‘मास्टरमाइंड इंडिया’ घेत होते. इंग्रजीतली, अत्यंत कठीण, पर्याय वगैरे काही नसलेली क्विझ. म्हणजे २००० आणि २००१ मध्ये हा माणूस एकीकडे काळ्या खुर्चीतल्या स्पर्धकाला त्याच्या खास विषयावर प्रश्नांमागून प्रश्न विचारत होता आणि दुसरीकडे हिंदीत ‘कौन बनेगा करोडपती’ घडवत होता. मी ज्या दोन गोष्टींमध्ये भिंत घातली होती, त्या एकाच माणसाच्या एकाच आठवड्यात मावत होत्या.

‘मास्टरमाइंड’चा जन्म कसा झाला ते इथे सांगायला हवं, कारण माझा विचार तिथूनच पुढे सरकला. बीबीसीचे बिल राइट दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे युद्धकैदी होते. त्यांची उलटतपासणी झाली होती: नाव, हुद्दा, क्रमांक. तो अनुभव त्यांनी पुढे क्विझमध्ये आणला. अंधारलेला स्टुडिओ, एकाच खुर्चीवर प्रकाशाचा झोत, आणि समोर प्रश्नकर्ता. नाव, व्यवसाय, विषय, की लगेच सुरुवात. १९७२ पासून पंचवीस वर्षं मॅग्नस मॅग्नसन यांनी ती क्विझ घेतली. मूळचे आइसलँडचे, आपल्या देशातल्या प्राचीन गाथांचे इंग्रजीत अनुवाद करणारे गृहस्थ. म्हणजे मला हवा तसा वाचणारा, शोधणारा माणूस. ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ १९६२ पासून पंचवीस वर्षं घेणारे बॅम्बर गॅस्कॉइन यांनी तर आपल्या मोगल बादशहांवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं आहे. बसूंनी पुढे याही क्विझची भारतीय आवृत्ती केली. ही सगळी परंपरा एका गोष्टीवर उभी आहे: प्रश्नकर्त्याच्या हातात उत्तर आहे आणि समोरच्याने ते आपल्यापाशी आहे हे सिद्ध करायचं आहे. खेळीमेळीने का होईना, ती तपासणीच.

केबीसी ज्या ब्रिटिश कार्यक्रमावरून घेतलं, तो ‘हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेर’ सप्टेंबर १९९८ मध्ये आयटीव्हीवर सुरू झाला, ख्रिस टॅरंट यांच्या सूत्रसंचालनाखाली. त्याची घडण तपासणीपेक्षा वेगळी आहे, हे मला फार उशिरा नीट उमगलं. स्पर्धकाने अंतिम उत्तर सांगेपर्यंत सूत्रसंचालकालाही बरोबर उत्तर दाखवलेलं नसतं. २०१८ मध्ये तो कार्यक्रम जेरेमी क्लार्कसन यांना घेऊन पुन्हा आला, तेव्हा त्यात एक नवी लाइफलाइन होती: सूत्रसंचालकालाच विचारा. त्याला उत्तर माहीत असतं तर ही लाइफलाइन शक्यच नव्हती. क्लार्कसन अनेकदा सरळ सांगून मोकळे व्हायचे की आपल्याला काही कल्पना नाही.

माझ्या डोक्यातलं बरंच काही या एका गोष्टीने उलटंपालटं केलं. अमिताभ जेव्हा ‘पक्कं?’ असं विचारतात, तेव्हा ते उत्तर लपवून समोरच्याला खेळवतात असं मी धरून चालले होते. त्यामुळेच तो विराम मला नाटकी वाटायचा, थोडा क्रूरही. पण उत्तर त्यांच्यापुढेही नसेल, तर त्या विरामाचा अर्थ बदलतो. मग समोरासमोर बसलेली दोन माणसं एकाच अंधारात असतात. एकाला पैसे लागलेले आहेत, दुसऱ्याने आपली सोबत लावलेली आहे. अशा जागी विद्वान बसवून भागत नाही. समोरचा घाबरला आहे की आत्मविश्वासाने बोलतो आहे, तो खरोखर विचार करतो आहे की आपल्यावर छाप पाडू पाहतो आहे, आता त्याला वेळ द्यावा की पुढे ढकलावं, हे क्षणाक्षणाला ओळखणारा माणूस हवा. नट हे काम आयुष्यभर करतो. समोरच्या पात्राचं ऐकून मग बोलणं हेच त्याच्या शिक्षणाचं सार.

आणि इथे बसूंच्या कारकिर्दीचा मी कधीच लक्षात न घेतलेला भाग समोर आला. तेही रंगभूमीवरून आलेले. सत्तरच्या दशकात दिल्लीत बॅरी जॉन यांच्या थिएटर अ‍ॅक्शन ग्रुपमध्ये त्यांनी काम केलं होतं. पुढे त्याच गुरूंच्या हाताखाली शाहरुख खान शिकले, ज्यांनी २००७ मध्ये केबीसीची खुर्ची सांभाळली. नंतरच्या काळात ‘मद्रास कॅफे’ आणि ‘बॉम्बे व्हेल्वेट’मध्ये बसूंना अभिनय करताना अनेकांनी पाहिलं असेल. ‘क्विझ टाइम’मध्ये मला जे भरभर आणि तरी सुटं ऐकू येत होतं, ते ज्ञानाचं तेज आहे असं मी समजत होते. त्यात ज्ञान होतंच. पण माझ्यासारख्या, अर्धे प्रश्न न कळणाऱ्या बाईला टीव्हीसमोर धरून ठेवलं होतं ते त्या आवाजाने, त्या लयीने, उत्तर चुकलं तरी खेळ खाली पडू न देण्याच्या हातोटीने. सूत्रसंचालक बिनमहत्त्वाचा असतो हे मत मी ज्यांच्या आधारावर बाळगलं होतं, तेच त्या मताविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा होते.

सूत्रसंचालकाकडे आणखी एक ठेव असते, ती म्हणजे विश्वास. पन्नासच्या दशकात अमेरिकेत ‘ट्वेंटी वन’ नावाची क्विझ फार गाजली. चार्ल्स व्हॅन डोरन हा कोलंबिया विद्यापीठातला देखणा, सुसंस्कृत अध्यापक आठवड्यामागून आठवडे जिंकत होता आणि घरोघरी त्याचं कौतुक चाललं होतं. त्याला उत्तरं आधीच सांगितली जात होती. १९५९ मध्ये त्याने अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे तसं कबूल केलं आणि पुढच्या वर्षी क्विझमध्ये अशी फसवणूक करणं हा कायद्याने गुन्हा ठरला. त्या प्रकरणाबद्दल वाचताना मला जाणवलं की प्रेक्षकांनी विश्वास ठेवला होता तो नियमावलीवर नव्हे. कोणी ती वाचलेलीच नव्हती. रोज दिसणाऱ्या माणसांवर ठेवला होता. तो गेला की नुसत्या चांगल्या प्रश्नांनी परत येत नाही. मॅग्नसन पंचवीस वर्षं, गॅस्कॉइन पंचवीस वर्षं, अमेरिकेतल्या ‘जेपर्डी’चे अ‍ॅलेक्स ट्रेबेक १९८४ पासून २०२० मध्ये कर्करोगाने जाईपर्यंत. आपल्याकडे रेडिओवर ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ आधी हमीद सयानी आणि मग अमीन सयानी यांच्या आवाजात मुलांच्या दोन पिढ्यांनी ऐकलं. टीव्हीवर ते डेरेक ओब्रायन यांनी नेलं. या माणसांची दीर्घ कारकीर्द ही योगायोगाची बाब नाही. वर्षांमागून वर्षं त्याच खुर्चीत बसून, त्याच निष्ठेने प्रत्येकाला सारखं वागवून ती ठेव जमा झालेली असते.

सारखं वागवणं म्हणजे काय, हेही विरुद्ध उदाहरणावरून कळतं. २००० मध्ये ब्रिटनमध्ये ‘द वीकेस्ट लिंक’ सुरू झालं. अ‍ॅन रॉबिन्सन स्पर्धकांना टोचून बोलायच्या, हरलेल्याला एका वाक्यात घालवून द्यायच्या, आणि तेच त्याचं आकर्षण होतं. आपल्याकडे ते ‘कमजोर कडी कौन’ या नावाने आलं. नीना गुप्तांनी काळ्या कपड्यांत, कडक चेहऱ्याने ते समर्थपणे केलं. नीना गुप्तांच्या कामात उणीव नव्हती, तरी ते फार टिकलं नाही. ज्याला येत नाही त्याला अपमानित होताना बघण्याची आपल्या प्रेक्षकाला गोडी लागली नाही, असा मी त्याचा अर्थ लावते. शाळेत फळ्यासमोर उभं राहून हे बहुतेकांनी पुरेसं सोसलेलं असतं.

माझं मत पुरतं बदललं ते सप्टेंबर २०१९ मध्ये. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे हॉट सीटवर आल्या. शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या, महिना दीड हजार रुपये मानधनावर. मी निवृत्त झालेली होते आणि तो भाग मी पूर्ण पाहिला. अमिताभ यांनी त्यांना ज्या पद्धतीने वागवलं, त्यात कुठेही कीव नव्हती. खिचडीबद्दल विचारलं ते एखाद्या कसबी माणसाला त्याच्या कामाबद्दल विचारावं तसं. प्रश्न आला की मात्र कुठलीही सूट नाही. शब्द तेच, वेळ तोच, आवाज तोच. बबिताताईंना १८५७च्या दिल्लीवरचं ‘दास्तान-ए-गदर’ कोणी लिहिलं असा प्रश्न आला, आणि जहीर देहलवी या उत्तरावर त्या एक कोटीपर्यंत पोहोचल्या. पैशांचं काय करणार यावर त्यांनी सांगितलेली इच्छा मोबाइलची होती, कारण घरात सगळ्यांत मिळून एकच फोन होता.

मी बत्तीस पानी वह्या भरून प्रश्न काढले, नद्यांची नावं देऊन संघ बांधले. आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरातही दोन बायका होत्या. त्यांना सगळं ऐकू जात होतं, कारण सभागृह आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच दार. त्यांना काय येतं हे विचारायला हवं, असं आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही, कारण क्विझ म्हणजे वर्गातल्या हुशार मुलांची गोष्ट हे ‘क्विझ टाइम’पासून आमच्या मनात पक्कं होतं. मी ज्याला बाजार म्हणत होते, त्या कार्यक्रमाने स्वयंपाकघराचं ते दार उघडलं. इंग्रजी महाविद्यालयांच्या संघांकडून अंजनगाव सुर्जीपर्यंत क्विझ पोहोचली, आणि ‘क्विझ टाइम’ घेणारा माणूसच त्या वाटेवर तिला घेऊन निघाला होता. मी या वाटेला घसरण म्हणत होते. आता मी तिला विस्तार म्हणते.

सगळंच मान्य झालंय असं मात्र नाही. चार पर्याय दिले की ज्ञानाची धार बोथट होते, हे मला आजही वाटतं. स्पर्धकाच्या घरच्या दुःखाची चित्रफीत प्रश्नांपेक्षा जास्त वेळ खाते तेव्हा मी अस्वस्थ होते. गरीब माणसाला आधी रडवून मग खेळू द्यायचं, ही पद्धत बदलायला हवी. बबिताताईंना खेळण्यासाठी दुःखाच्या परवानगीची गरज नव्हती. आणि पैशांचं पुढे काय होतं, हा प्रश्न तर कार्यक्रमाने कधी विचारलाच नाही. २०११ मध्ये मोतिहारीचे सुशील कुमार पाच कोटी जिंकले. त्यानंतरची वर्षं आपल्या आयुष्यातली सगळ्यात वाईट होती, असं २०२० मध्ये त्यांनी स्वतः समाजमाध्यमावर लिहिलं. व्यसन, फसवणूक, घरातले ताण, सगळं. पुढे ते सावरले, शिक्षक झाले, चंपारणमध्ये चाफ्याची झाडं लावत राहिले. माणूस मोठा म्हणून सावरला. पण एवढी रक्कम हाती देणाऱ्या कार्यक्रमाने त्या हाताला काही काळ तरी धरायला हवं होतं, ही माझी तक्रार कायम आहे.

मराठीत ‘कोण होईल मराठी करोडपती’ २०१३ मध्ये आलं, सचिन खेडेकर यांना घेऊन. नंतर एका पर्वात स्वप्नील जोशी, २०१९ मध्ये ‘कोण होणार करोडपती’ या नावाने नागराज मंजुळे, मग पुन्हा खेडेकर. खेडेकरांची स्वच्छ, आदराची मराठी मला फार आवडली. मंजुळे समोर बसले की गावाकडून आलेला स्पर्धक पहिल्या दोन मिनिटांत सैलावायचा, कारण समोरचा माणूस आपल्याच मातीतला आहे हे त्याला पाठ करून सांगावं लागत नव्हतं. पण वाहिनी बदलली, माणूस बदलला, मध्ये वर्षं रिकामी गेली. एकालाही दहा वर्षं सलग मिळाली नाहीत. आणि कोट्यवधी रुपये, परदेशी साचा, प्रसिद्ध चेहरा यांच्याशिवाय प्रश्नमंजूषा करता येते, हे मराठी टीव्हीने मनावर घेतलंच नाही.

म्हणून मराठी वाहिन्यांना माझी विनंती आहे. आठवड्यातून अर्धा तास द्या. मराठी शाळा-महाविद्यालयांचे संघ बोलवा, आणि वर्षातून काही भाग शाळेत नसलेल्यांसाठी ठेवा: एसटीचे वाहक, अंगणवाडी सेविका, खिचडी शिजवणाऱ्या ताई. बक्षीस पुस्तकांचं असलं तरी चालेल. सूत्रसंचालक मात्र नीट शोधा. तो प्रसिद्ध नसला तरी हरकत नाही. ऐकणारा असावा, मराठी जिभेवर स्वच्छ असावी आणि ‘चूक’ हा शब्द त्याला नीट म्हणता यावा. सापडला की त्याला तीन महिन्यांत बदलू नका. दहा वर्षं त्याच खुर्चीत बसू द्या.